डिप्लॉइड मेडिसिन: वर्गासाठी उत्तम ॲप

आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झाल्यापासून मी साताऱ्यात भरतीच्या पोरांना प्रथमोपचार शिकवतो. अमेरिकी संरक्षण खात्याचं हे ॲप फुकट आहे आणि मला मनापासून आवडलं. ‘मार्च’चा, म्हणजे जखमीवर उपचार करायचा, क्रम डोक्यात पक्का बसतो: आधी मोठा रक्तस्राव, मग श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, शेवटी गारठा आणि डोक्याची इजा.

टूर्निकेटचे, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हात किंवा पाय आवळायच्या दांडीवाल्या पट्ट्याचे, व्हिडिओ तर फारच छान. पट्टा जखमेच्या 2-3 इंच वर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, लगेच वेळ लिहायची. पोरं थांबवून थांबवून बघतात.

मात्र गोळीबार चालू असताना फोनला हात लावायचा नाही, हे मी आधीच बजावतो. तेव्हा पट्टा कपड्यांवरूनच, जमेल तितका वर. म्हणून ॲप वर्गात बघायचं आणि सराव चिखलात, हातमोजे घालून करायचा.