मैत्रीतून साक्ष शिकवणारा अभ्यासवर्ग: सत्रं जरूर करा, तक्ता सोडा

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) नुकताच नात्यांतून सुवार्ता सांगण्याविषयीचा, म्हणजे येशूविषयी साक्ष देण्याविषयीचा सहा सत्रांचा अभ्यासवर्ग झाला. व्हिडिओवर व्याख्यान, मग लहान गटात चर्चा आणि घरी भरायची एक वही. असे वर्ग मी पूर्वीही केले आहेत. बहुतेकांत बोलणं कसं काढायचं, कुठल्या प्रश्नाला कुठलं वचन द्यायचं, एवढंच असतं. इथे मात्र पहिली दोन सत्रं देव कसा आहे यावरच आहेत, आणि मला हा वर्ग आवडला तो त्यांच्यामुळे.

सुरुवात थेट इसवी सन 325 मधल्या निकिया परिषदेपासून, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेपासून. पुत्र, म्हणजे येशू, नव्हता असाही एक काळ होता, असं एरियस नावाचा धर्मगुरू शिकवत होता. परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं. गटातल्या एका ताईंनी विचारलंच, याचा माझ्या शेजारणीशी काय संबंध? प्रश्न रास्त होता, आणि उत्तरही तितकंच चांगलं मिळालं. पुत्र अनादी आहे, तर पिता कधीच एकटा नव्हता. योहान 17:24 मध्ये येशू पित्याला म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस. म्हणजे सृष्टी नव्हती तेव्हाही देवाच्या ठायी प्रीती होती. त्याने माणूस घडवला तो स्वतःची काही उणीव भरून काढायला नव्हे. अशा देवाविषयी सांगणाऱ्यालाही मग समोरच्याकडून काही मिळवायचं उरत नाही. त्याने ऐकलं नाही म्हणून मैत्री आटत नाही आणि ऐकलं म्हणून आपल्या खात्यावर काही जमा होत नाही. इतकी वर्षं त्रैक्याची शिकवण (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) मी श्रद्धेने मान्य करत आले. शेजाऱ्याशी वागण्याबोलण्यात ती इतकी खोल उतरते, हे मला इथे उमगलं.

एका बाबतीत मात्र व्याख्याते घसरतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांना ते ‘तिघांचं कुटुंब’ म्हणत राहतात. ऐकायला गोड वाटतं, पण नवख्या माणसाच्या मनात त्यातून तीन देव उभे राहतात. चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरी या बिशपला ‘तीन देव नाहीत’ हे समजावायला एक आख्खं लिखाण करावं लागलं, ते उगाच नाही. आमच्या गटप्रमुखांनी व्हिडिओ थांबवून हे स्पष्ट केलं. तुमच्याकडे वर्ग घेणारं कुणी असेल तर त्यांनीही करावं.

तिसरं सत्र पित्याने पुत्राला पाठवलं, पुत्र शिष्यांना पाठवतो (योहान 20:21) यावर आहे. 1952 मध्ये जर्मनीत विलिंगेनला झालेल्या मिशनकार्याच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा उल्लेख येतो: सुवार्तेचं कार्य मुळात देवाचं, मंडळी त्यात सहभागी. बरं आहे, जरा घाईत उरकलंय.

चौथं सत्र या वर्गाचा प्राण आहे. येशूला विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीचा प्रसंग (योहान 4) आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेला, पण इथे तो सावकाश, ओळ न् ओळ वाचून घेतात. येशू प्रवासाने थकून विहिरीवर बसलाय आणि पहिलं वाक्य काय, तर मला प्यायला दे. देणारा आधी मागतो. तिच्या पाच नवऱ्यांची गोष्ट तो जाणतो आणि तरी बोलणं तोडत नाही. उपासना कुठे करायची हा तिचा प्रश्न तो टाळत नाही, गंभीरपणे उत्तर देतो. नंतर ती गावात जाऊन एवढंच म्हणते, या, पाहा. आणि हा ख्रिस्त असेल का, हेही प्रश्न म्हणूनच. शेवटी गावकरी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकलं आहे. साक्ष देणारी बाजूला होते आणि येशू व गावकरी समोरासमोर राहतात. या सत्रानंतर आमच्या गटात बराच वेळ कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं.

इतकं सगळं शिकवून वहीच्या शेवटी तो तक्ता का घातलाय, ते मला अजूनही कळत नाही. रकाने असे: नाव, ओळख कशी, भेटी किती, विश्वासाच्या किती जवळ (1 ते 10). पहिल्या ओळीत मी एका जुन्या सहकारिणीचं नाव लिहिलं. तिचा नवरा गेला तेव्हा मी तिच्याजवळ नुसती बसून होते, देवाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्या भेटीला आकडा कुठला द्यायचा? हा तक्ता तिच्या हाती लागला तर आमच्या इतक्या वर्षांच्या मैत्रीकडे ती कशी बघेल? पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की सुवार्तेबरोबर आम्ही आमचा जीवही तुम्हाला द्यायला तयार होतो, कारण तुम्ही आम्हाला प्रिय झाला होता. प्रिय माणसाला गुण देत नाहीत. पहिल्या सत्रात जो देव दाखवला, त्याच्याशी हे पान जुळतच नाही. मी तो रकाना कोरा ठेवला आणि गटप्रमुखांना तसं सांगितलंही.

तरीही वर्ग करावा असंच मी म्हणेन, विशेषतः ज्यांना साक्ष म्हटलं की छातीत धडधडतं त्यांनी. वेळ कमी असेल तर पहिलं आणि चौथं सत्र चुकवू नका, आणि चौथ्याला चर्चेसाठी जास्तीचा वेळ मागून घ्या. प्रार्थनेसाठी नावं लिहायची असतील तर वहीच्या मागे कोरं पान आहे, ते पुरतं.