काचेच्या पोटातलं काम: नॅनो, पिको की फेम्टो?

वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत गाळा घेऊन काचेचं जॉबवर्क सुरू करायचं म्हटलं, की मशीन विकणारे एकच पालुपद लावतात: लेसरची पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणिक ठोका, जितकी आखूड तितकं काम सुबक. (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, पिको त्याचा हजारावा, फेम्टो पिकोचा हजारावा.) काच वरून कोरायची असेल, तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. आत उतरायचं असेल तर मात्र जरा थांबा.

प्रकाश फार तीव्र झाला की काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, वाढतो. बीमच्या मध्यावर तो सर्वांत जास्त वाढतो, त्यामुळे काचच बहिर्गोल भिंगासारखी वागू लागते. हा केर परिणाम. एका ठरावीक पॉवरला बीम स्वतःचं पसरणं स्वतःच रोखतो, हे च्याओ, गार्मायर आणि टाउन्स यांनी १९६४ मध्ये मांडलं. शुद्ध सिलिकाच्या काचेत, १०३० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला, ही सीमा साधारण ४ मेगावॅट. ती पॉवरची आहे, तीव्रतेची नाही. बीम रुंद करून तिच्यातून सुटका होत नाही.

आता हिशेब. १० नॅनोसेकंदांत १ मिलिज्यूल म्हणजे १०० किलोवॅट. सीमा खूप दूर. १० पिकोसेकंदांत १० मायक्रोज्यूल म्हणजे १ मेगावॅट, अजून सीमेच्या आतच. तेवढीच ऊर्जा ३०० फेम्टोसेकंदांत दिली की ३३ मेगावॅट! मग फोकस ठरवलेल्या खोलीच्या आधीच, लेन्सच्या बाजूला जमतो आणि ठिपक्याऐवजी लांबट रेघ उमटते.

आतून फोटो कोरलेले भेटवस्तूंचे ठोकळे करायचे असतील, तर हिरवा नॅनोसेकंद लेसर पुरे. प्रत्येक ठिपका म्हणजे बारीक तडा, तिथे नजाकत हवी कुणाला? जाड काचेत खोलवर नेमकी खूण हवी असेल, तर मी पिको घेईन. फेम्टोचा हट्टच असेल तर मोठ्या एनएची (न्यूमरिकल अपर्चर, म्हणजे प्रकाश रुंद कोनातून गोळा करणारी) लेन्स लावा: ठिपका इतका लहान होतो की मायक्रोज्यूलहून कमी ऊर्जेत काम भागतं आणि पॉवर सीमेखाली राहते. पण अशी लेन्स कामाच्या अगदी जवळ आणावी लागते, म्हणजे खोली मर्यादित. उलट काच कापायची असेल, तर तीच लांबट रेघ मुद्दाम पाडतात.

डेमो आपल्याच काचेवर, दोन वेगवेगळ्या खोलींवर मागा आणि तुकडा कडेकडून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. वरून सगळेच ठिपके गोल दिसतात.