ईलॅबएफटीडब्ल्यू: टीवाय केमिस्ट्रीच्या पोरांबरोबर एक सेमिस्टर वापरून

आमच्याकडे प्रॅक्टिकलला जर्नल असतं, पण जर्नल म्हणजे फेअर कॉपी हे सगळ्यांनाच माहितीये. खरी रीडिंग असतात फिल्टर पेपरच्या तुकड्यावर नाहीतर कुणाच्या तरी मोबाईलमध्ये, आणि यूव्हीच्या (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या मशीनच्या) फाइली पेन ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरं’ अशा नावांनी. आता एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, चौथ्या वर्षाला रिसर्च प्रोजेक्ट आलाय, तिथे पोचल्यावर डेटा सांभाळायला शिकवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं, म्हणून मी टीवायलाच सुरुवात केली.

ईलॅबएफटीडब्ल्यू ही इलेक्ट्रॉनिक लॅब नोटबुक, पॅरिसच्या क्युरी इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झालेली, ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत. पण आपल्या सर्व्हरवर डॉकरने (सॉफ्टवेअर बसवायचं एक साधन) बसवावी लागते आणि ते काम माझ्याच्याने झालं नसतं, कॉम्प्युटर सायन्सच्या सरांनी डिपार्टमेंटच्या जुन्या पीसीवर करून दिलं. बॅकअप कोण घेणार हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. एक फायदा असा की सर्व्हर आपलाच असल्यामुळे बाहेरचं नेट गेलं तरी लॅबमध्ये काम थांबत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते टेम्प्लेट. परमँगनेटच्या कॅलिब्रेशन कर्व्हसाठी (माहीत असलेल्या तीव्रतांवरून काढलेला आलेख) मी रकाने करून ठेवले: वेव्हलेंग्थ (५२५ नॅनोमीटर), ब्लँक (मशीन शून्यावर आणायचं द्रावण) कशाचा, डायल्युशन, युनिट, फाइलचं नाव. मग एक काम दिलं, दुसऱ्या बॅचची एंट्री उघडायची आणि कुणालाही काही न विचारता तोच कर्व्ह परत काढायचा. निम्म्या जोड्या अडकल्या. एक मुलगी वैतागून म्हणाली, "मॅडम, इथे नुसतं ०.४ लिहिलंय, ०.४ काय, मिलीमोलर की मिलिलिटर?" आणि दुसऱ्याच मिनिटाला तिने स्वतःची एंट्री उघडली, तिथेही युनिट नव्हतं, गपचूप टाइप करायला लागली. माझ्या दहा लेक्चरनी जे झालं नाही ते तिथे झालं. शिवाय केलेल्या बदलांची नोंद राहते, तपासून झाल्यावर एंट्री लॉकही करता येते.

केमिकलची यादीही यातच ठेवा आणि बाटलीची नोंद प्रयोगाला जोडा. नुसत्या स्प्रेडशीटमध्ये काय होतं ते पोरांना स्वतःच्या हाताने करून बघू दे: पॅलेडियमचा सीएएस नंबर (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) ७४४०-०५-३ टाकला की सेलमध्ये ३ मे ७४४० अशी तारीख होते, पण निकेलचा ७४४०-०२-० तसाच राहतो कारण शून्य तारीख नसते. म्हणजे अर्धी यादी बरोबर, अर्धी बिघडलेली, वरवर बघून कळतही नाही. कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवायचा, बस.

एंट्रीची पीडीएफ निघते, आम्ही प्रिंट काढून जर्नलला जोडतो त्यामुळे परीक्षकांचाही प्रश्न सुटला.

पाचपैकी चार. एक कापला तो इन्स्टॉलेशनसाठी, कारण तालुक्याच्या छोट्या कॉलेजात डॉकर जाणणारा माणूस मिळेलच असं नाही.

जूनपासून घेणार असाल तर टायट्रेशनने सुरुवात नका करू, तिथे तीन रीडिंग असतात आणि फाइल एकही नसते, पोरांना वाटतं वहीतच बरं होतं. यूव्हीपासून करा.