स्पोर्ट्स कारचे मूळ टायर बदलताना: कोणता प्रकार कोणासाठी

2012 साली टोयोटा 86 आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्या आल्या, तेव्हा त्यांच्या चाकांवर 215/45 आर17 मापाचे (रुंदी 215 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 45 टक्के, रिम 17 इंची) मिशेलिन प्रायमसी एचपी टायर होते. हेच टायर टोयोटाच्या प्रियस या साध्या हायब्रिड गाडीच्या काही प्रकारांवरही येत. हे मुद्दाम केलं होतं: पकड कमी असली की गाडी कमी वेगातच सरकू लागते आणि चालवणाऱ्याला तिचा तोल लवकर कळतो. याउलट पोर्शे 911 जीटी3 कारखान्यातूनच मिशेलिन पायलट स्पोर्ट कप 2 सारख्या, ट्रॅकसाठीच्या टायरवर बाहेर पडते. पहिल्या गाडीवर चांगला समर (उन्हाळी) टायर चढवला की ब्रेकिंगपासून वळणापर्यंत सगळं बदलतं. दुसरीवर तोच टायर म्हणजे कोरड्या पकडीत एक पायरी खाली येणं. म्हणून आधी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, काय लिहिलंय ते वाचा, मग खरेदीचा विचार करा.

तिथे मापाशिवाय भार आणि वेगाचा निर्देशांक असतो. 87डब्ल्यू म्हणजे एका टायरवर 545 किलो भार आणि ताशी 270 किमी वेग. नवा टायर यापेक्षा खालचा घेऊ नये. शेजारी एन0, एन1, तारा किंवा एमओ अशी खूण दिसली, तर तो अनुक्रमे पोर्शे, बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजसाठी जुळवलेला टायर आहे. नाव आणि माप तेच असलं तरी खुणेच्या आणि बिनखुणेच्या टायरची आतली बांधणी किंवा रबर वेगळं असू शकतं, त्यामुळे एकाच गाडीवर दोन्हींची सरमिसळ नको.

आता पर्याय. तेच टायर पुन्हा घेणं हा खराखुरा पर्याय आहे आणि त्याला हसण्याचं कारण नाही. गाडीचं सस्पेन्शन, एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल त्याच टायरवर जुळवलेलं असतं. मूळ टायर आधीच उच्च दर्जाचा असेल आणि गाडी फक्त रस्त्यावर चालत असेल, तर बदलातून हाती फारसं लागत नाही.

मूळ टायर साधा टूरिंग (आराम आणि टिकाऊपणासाठीचा) असेल, तर बहुतेकांनी मॅक्स परफॉर्मन्स समर वर्गाकडे जावं. मिशेलिन पायलट स्पोर्ट 4 एस, कॉन्टिनेंटल एक्स्ट्रीम कॉन्टॅक्ट स्पोर्ट 02 आणि ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट हे या वर्गातले. यांची खरी ताकद ओल्या रस्त्यावर दिसते: रुंद आडवे-उभे चर पाणी बाहेर फेकतात आणि सिलिका मिसळलेलं रबर ओल्या डांबरालाही धरून राहतं. आवाज आणि झीज रोजच्या वापराला परवडेल इतकीच असते. मर्यादा थंडीची. तापमान 7 अंश सेल्सियसच्या खाली गेलं की रबर कडक होत जातं, आणि गोठणबिंदूच्या बरंच खाली वाकवलं तर नक्षीच्या ठोकळ्यांना चिरा पडू शकतात. असे टायर कडाक्याच्या थंडीत उघड्या शेडमध्ये ठेवूनही चालत नाही.

हिवाळ्यातही तीच गाडी, तेच टायर आणि अधूनमधून हलका बर्फ असेल, तर पायलट स्पोर्ट ऑल सीझन 4 किंवा एक्स्ट्रीम कॉन्टॅक्ट डीडब्ल्यूएस 06 प्लस यांसारखे ऑल सीझन घ्या. नक्षीत बारीक काप जास्त असल्यामुळे ठोकळे दबतात, आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद समर टायरइतका नेमका राहत नाही. चाकांचे दोन संच ठेवायला जागा असेल, तर उन्हाळी आणि हिवाळी वेगळे टायर हा याहून चांगला मार्ग.

चौथा वर्ग सर्वात जास्त भुरळ घालतो: ट्रेडवेअर 200 चे टायर. (ट्रेडवेअर म्हणजे टायरवर छापलेला झिजेचा आकडा; लहान आकडा म्हणजे लवकर झिजणारा.) ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-71आरएस, योकोहामा अ‍ॅडव्हान ए052. हा 200 आकडा जपून वाचावा. ट्रेडवेअर चाचणी उत्पादक स्वतः करून आकडा जाहीर करतो, आणि रस्त्याच्या टायरांसाठीच्या अनेक स्पर्धा गटांत किमान 200 ची अट असते. त्यामुळे खूप मऊ आणि त्यामानाने टिकाऊ असे दोन्ही टायर बाजूवर 200 च मिरवतात. कोरड्या ट्रॅकवर यांच्यापुढे समर टायर टिकत नाही, कारण ठोकळे मोठे आणि सलग असतात. मात्र नवेपणीच नक्षी कमी खोल असते आणि चर मोजके. साचलेल्या पाण्यात गाडी तरंगण्याचा धोका लवकर येतो, आणि टायर अर्धा झिजल्यावर तर पावसात वेग ठळकपणे कमी करावाच लागतो. महिन्यातून एकदा ट्रॅक असेल तर हे टायर वेगळ्या रिमवर ठेवावेत. रोजच्या प्रवासात ते घासून संपवण्यात काहीच शहाणपण नाही.

या टायरांसोबत गाडीचीही तयारी लागते. पकड वाढली की ब्रेक जास्त तापतात, म्हणून आधी ताजं ब्रेक फ्लुइड भरा. पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) जवळपास शून्य असलेल्या गाडीत वळणावर टायरचा बाहेरचा खांदा गुंडाळला जातो आणि मधली नक्षी शाबूत असतानाच कडा संपते. पुढच्या सस्पेन्शनमध्ये मॅकफर्सन स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा उभा खांब) असेल तर कॅम्बर बोल्टने उणे दीड अंशापर्यंत आणणं बऱ्याच गाड्यांत शक्य असतं. हे न करता महागडे टायर घेणं म्हणजे अर्धे पैसे कडेवर घासून टाकणं.

मग मापाचा मोह. 215/45 आर17 चा व्यास सुमारे 625 मिमी. 225/45 आर17 केलं तर 634 मिमी, म्हणजे 1.4 टक्के मोठा. हा 7 इंची रिमवरही बसतो. 235/40 आर17 चा व्यास 620 मिमी, कागदावर छान जुळतो, पण त्याला किमान 8 इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर चढवला तर साइडवॉल फुगते, स्टिअरिंग सैल वाटतं आणि रुंदीचा फायदा तिथेच जातो. वर्गातला फरक रुंदीच्या 10 मिमीपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे पहिल्या खेपेला माप तेच ठेवा. रुंदी वाढवलीच, तर आत स्ट्रटपासून आणि बाहेर फेंडरपासूनचं अंतर पूर्ण स्टिअरिंग वळवून तपासा. ए052 सारखे काही टायर छापील मापापेक्षा भरदार असतात.

रन-फ्लॅट (हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर घालणार असाल, तर राइड नक्कीच सुधारते. पण अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते. पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

बसवताना साइडवॉलवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहा, ते बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात: 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना), गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर घट्ट करा आणि 80 ते 100 किमीनंतर पुन्हा तपासा. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्याच दिवशी. साच्यातून काढताना लावलेला वंगणाचा थर घासला जाईपर्यंत पहिले तीनेकशे किमी सबुरीने चालवा.

हवा थंड टायरमध्ये मोजा. ट्रॅकवर 33 पीएसआय भरलेला टायर काही फेऱ्यांत जवळपास 40 वर जातो, म्हणून गरम असताना थोडी काढतात. परतीला निघण्यापूर्वी ती पुन्हा भरा. विसरलात तर थंड झाल्यावर टायर कमी हवेवर धावतो आणि साइडवॉल आतून तापून फाटू शकते.

चारही एकदम बदलणं परवडत नसेल, तर नवी जोडी मागे लावा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. मागची पकड आधी सुटली की ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरते. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मात्र दोनच बदलू नका: नव्या-जुन्या टायरच्या घेरातला फरक सेंटर डिफरेन्शियलला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) किंवा त्याच कामाच्या क्लचला सतत घासायला लावतो.