बडोद्याच्या वाटा आणि मजकुरातले बाण: काही महिन्यांच्या वापरानंतर

दांडिया बाजारातल्या आमच्या भजनी मंडळाच्या सूचना लिहिणं आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना जुन्या शहरातल्या वाटा लिहून पाठवणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे असतात. गेल्या पावसाळ्यापासून या मजकुरात मी बाणाची चिन्हं नेमाने वापरतेय. आधी निकाल सांगते: साधा → मी आता सोडणार नाही. बाकीच्या नक्षीदार बाणांची मात्र मला गरज उरलेली नाही.

या बाणाचं मोल बडोद्यात जास्तच कळतं. आमची सूचना मराठीत निघते आणि शेजाऱ्यांसाठी तीच गुजरातीत जाते. आता ही ओळ बघा: स्टेशन → काळा घोडा → कोठी → रावपुरा → न्यायमंदिर → लहरीपुरा दरवाजा → मांडवी. हीच वाट वाक्यांत लिहिली तर ‘तिथून पुढे’, ‘मग’, ‘त्यानंतर’ यांची रांग लागते आणि गुजराती प्रतीत ती सगळी नव्याने बसवावी लागते. बाण असले की नावांची लिपी तेवढी बदलायची. कार्यक्रमाचा क्रमही तसाच: भजन → आरती → प्रसाद. फोनवर एका नजरेत वाचून होतं.

अडचण आली ती मांडवीला. मांडवीपासून चार दिशांना चार दरवाजे आहेत. लहरीपुऱ्याकडून, म्हणजे पश्चिमेकडून आलात तर समोर पाणीगेट, उजव्या हाताला गेंडीगेट आणि डाव्या हाताला चांपानेर दरवाजा. मी ‘मांडवी → चांपानेर दरवाजा’ असं लिहिलं होतं आणि आमच्या मावशींचा फोन आला, “मांडवीला उजवीकडे वळायचं ना गं?” तसं वळल्या असत्या तर थेट उलट टोकाला, गेंडीगेटला पोचल्या असत्या. मावशींचं काहीच चुकलं नव्हतं. रस्त्याच्या मजकुरात उजवीकडे रोखलेला बाण दिसला की माणूस उजवीकडेच वळणार. वळण दाखवणारे ↰ आणि ↱ हे बाणही आहेत, पण फोनच्या बारीक अक्षरात त्यांचं टोक कुठे वळलंय ते उतारवयातल्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून → चा अर्थ ‘यानंतर’ एवढाच ठेवला आणि वळण शब्दांत लिहायला लागले: ‘मांडवी (डावीकडे वळा) → चांपानेर दरवाजा’. तेव्हापासून वाट विचारणारे फोन बंद झाले.

कोणता बाण निवडायचा याला तांत्रिक कारणही आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, बाणांचा स्वतंत्र गट आहे, त्यात ११२ चिन्हं आहेत. ← ↑ → ↓ ही चार कुठेही गेली तरी अक्षरासारखीच राहतात. तिरका ↗ किंवा दुतोंडी ↔ यांना मात्र इमोजीचं रूपही दिलेलं आहे, त्यामुळे एका फोनवर ते काळी रेघ म्हणून दिसतात आणि दुसऱ्यावर रंगीत चौकोनात बसून येतात. सूचनेच्या मधोमध असा चौकोन आला की डोळा आधी तिकडे जातो आणि वेळ-ठिकाण वाचायचं राहतं.

बाण टाइप करायला अजिबात जड नाही. वर्डमध्ये २१९२ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं की → उमटतो. अंकांचा वेगळा संच असलेल्या विंडोज कीबोर्डवर ऑल्ट धरून २६ दाबलं तरी चालतं. फोनवर मी कीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात दोन अक्षरांचा शॉर्टकट करून ठेवलाय.

दोन डॅश आणि मोठेपणाचं चिन्ह (>) लिहिल्यावर आपोआप होणारा बाण मात्र टाळा. काही वर्ड प्रोसेसर तिथे विंगडिंग्ज या फाँटमधलं चित्र बसवतात. मजकूर दुसरीकडे चिकटवला आणि तो फाँट सुटला की बाणाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी ए अक्षर येतं. छपाईवाल्याकडे युनिकोड नसलेले जुने फाँट असतील तर खरा बाणही टिकेलच असं नाही. तिथे मी पीडीएफच देते.

रोमन लिपीत एसएमएस पाठवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. एरवी एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, पण एक जरी → घातला तरी पूर्ण संदेश युनिकोडमध्ये जातो आणि मर्यादा ७० वर येते. देवनागरीतल्या संदेशाला ती ७० ची मर्यादा आधीपासूनच असते, त्यामुळे आपलं त्यात काही जात नाही.

आमच्या मंडळातल्या एका काकूंना कमी दिसतं, त्या फोनकडून मजकूर वाचून घेतात. तिथे बाणाचं कौतुक संपतं. त्यांचा फोन बाण कधी सरळ गाळतो, कधी मराठीच्या मध्येच त्याचं इंग्रजी नाव उच्चारतो, आणि ठिकाणांची नावं एकमेकांत मिसळून जातात. त्यांच्यासाठी मी वेगळी प्रत करते: प्रत्येक बाणाच्या जागी स्वल्पविराम आणि ‘मग’. सगळीकडे एकच बाण, दोन्ही बाजूंना एकेक जागा सोडलेली, त्यामुळे ‘शोधा आणि बदला’ वापरून ती प्रत लगेच तयार होते. मंडळाच्या गटावर सूचना टाकण्याआधी ती काकूंना जाते.