व्हर्च्युअल मशीनवर जेमीटर: पावसाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

लोड टेस्टसाठी, म्हणजे एकदम गर्दी झाली तर सॉफ्टवेअर टिकतं का हे तपासायला, जेमीटर हे साधन घ्यावं का, असं कोणी विचारलं तर मी हो म्हणेन. ते व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे एका खऱ्या सर्व्हरच्या आत उभ्या केलेल्या आभासी संगणकावर चालवावं का, तर त्यालाही हो. अट एकच: त्या मशीनला कागदावर दिलेली मेमरी खरोखर तिच्याच ताब्यात असली पाहिजे. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हे जोडकाम रोज वापरलं, मेमरीच्या जवळपास सगळ्या तऱ्हेच्या एरर बघून झाल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत. काम गावोगावच्या दूध संस्थांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं, त्या सकाळी करवीर, कागल, राधानगरीकडचे सचिव एकदम लॉगिन करतात. पण वर्षातली खरी गर्दी दिवाळीआधी, फरकाची रक्कम, म्हणजे वर्षभराच्या दुधाच्या दरातला उरलेला हिशेब, जमा होते तेव्हा. घरातली दिवाळी फरकावर ठरते. त्या दिवशी पोर्टल बसलं तर सचिवाच्या दारात माणसं येऊन उभी राहतात, आणि उत्तर द्यायला त्याच्याकडे काहीच नसतं. म्हणून ही टेस्ट आमच्यासाठी नुसती औपचारिकता नव्हती.

मांडणी साधी. एका सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स हे व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि त्यावर बऱ्याच व्हर्च्युअल मशीन. लोड टाकण्यासाठी ८ जीबीच्या दोन लिनक्स मशीन, दोन्हींवर जेमीटर.

पहिली एरर सगळ्यांना येते तीच: 'आउट ऑफ मेमरी, जावा हीप स्पेस'. हीप म्हणजे जावाचा प्रोग्रॅम आपला डेटा ठेवतो ती मेमरी. इथं पहिला सवाल असा विचारायचा की ही ओळ कुणाच्या लॉगमध्ये आहे? जेमीटर जावावर चालतं, आमचं पोर्टलही जावावर, त्यामुळे हेच शब्द दोन्हीकडे उमटू शकतात आणि अर्थ अगदी उलटा होतो. एकीकडे पोर्टल थकलं, दुसरीकडे मोजणाराच थकला. आमच्याकडे ओळ जेमीटरच्या लॉगमध्ये होती. जेमीटरच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये हीपची कमाल मर्यादा १ जीबी ठरवलेली असते. मशीनला ८ जीबी द्या नाहीतर ६४, ही मर्यादा हाताने वाढवल्याशिवाय जेमीटर पुढे जात नाही. बिन फोल्डरमध्ये सेटएन्व्ह नावाची फाइल करून त्यात हीपची किंमत लिहिली की झालं. मूळ स्क्रिप्टला हात लावू नये, नवी आवृत्ती टाकली की बदल पुसला जातो.

पण आकडा वाढवण्याआधी मेमरी खातंय काय, ते बघावं. आमच्या टेस्टमध्ये एक पायरी बिलाची पीडीएफ उतरवण्याची होती. एक पीडीएफ २ एमबीची धरली आणि ८०० थ्रेडनी, म्हणजे ८०० आभासी वापरकर्त्यांनी, ती एकाच वेळी उतरवली, तर नुसत्या उत्तरांचेच १,६०० एमबी होतात. १ जीबीत ते बसणारच नाही, त्यात दोष कुणाचा नाही. एचटीटीपी सँपलरमध्ये, म्हणजे पोर्टलला विनंती पाठवणाऱ्या पायरीत, अख्ख्या उत्तराऐवजी त्याचा फक्त एमडी५ हॅश (उत्तरावरून काढलेली छोटी खूण) ठेवायची सोय आहे. पीडीएफच्या पायरीला ती टिक केली आणि हीपचा आलेख एकदम खाली बसला. टेस्ट ग्राफिकल खिडकीतून चालवू नका, प्रत्येक उत्तर दाखवणारं 'व्ह्यू रिझल्ट्स ट्री' बंद ठेवा, निकाल थेट जेटीएल या निकालाच्या फाइलमध्ये लिहा, हे जेमीटरच्या मार्गदर्शिकेतच दिलं आहे. ते तंतोतंत पाळा, एवढंच सांगतो.

दुसरी एरर फसवी आहे: 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड'. तिच्याही पुढे आउट ऑफ मेमरी असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे माणूस हीप वाढवायला धावतो. त्याने काम आणखी बिघडू शकतं. जेमीटरमध्ये प्रत्येक आभासी वापरकर्ता म्हणजे एक खरा थ्रेड. ६४ बिट लिनक्सवर जावा एका थ्रेडच्या स्टॅकसाठी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या कामाच्या जागेसाठी, साधारण १ एमबी राखून ठेवतं, आणि ही जागा हीपच्या बाहेरची असते. हीप फुगवली की बाहेरच्यांना जागा उरत नाही. कित्येकदा तर मेमरी मुबलक असते आणि अडवते ती लिनक्सने थ्रेडच्या संख्येवर घातलेली मर्यादा: यूलिमिट, नाहीतर सिस्टमडीचं टास्क्समॅक्स. आधी या दोन मर्यादा तपासायच्या, मगच स्टॅकचा आकार कमी करायचा विचार. ८ जीबीच्या मशीनवर आम्ही हीप ५ जीबीवर थांबवली आणि उरलेली जागा थ्रेड, नेटवर्कचे बफर आणि ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मोकळी सोडली.

तिसरी गोष्ट मात्र खरी डोकेदुखी, कारण तिथं एरर दिसतच नाही. टेस्ट रंगात आलेली असते आणि जेमीटर नाहीसं होतं. त्याच्या लॉगमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत सगळं सुरळीत. मेमरी संपली की हीपची नक्कल (हीप डंप) घ्यायची सूचना दिलेली असूनही डंपची फाइल नाही. टर्मिनलवर फक्त 'किल्ड' एवढा शब्द, आणि एक्झिट कोड १३७. हा १३७ ओळखायला शिकावं: १२८ अधिक ९, म्हणजे प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मारलं. मारणारा लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा. डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग उघडला की मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरची ओळ सापडते आणि त्यात जावाचं नाव. जावाला स्वतःहून तक्रार करायची संधीच मिळत नाही, म्हणून जेमीटरचा लॉग कोरा.

हीप ५ जीबी, मशीन ८ जीबीची, मग मेमरी संपली कशी? सिस्टीम बघणाऱ्या आमच्या मित्राचं म्हणणं, "अहो, आठ जीबी दिलीय की तुम्हाला!" आणि प्रॉक्समॉक्सच्या पानावर आठच दिसत होते. मी टेस्ट चालू असताना मशीनच्या आत दर काही सेकंदांनी 'फ्री' ही कमांड चालवत ठेवली. वापरलेल्या मेमरीचा रकाना सगळेच बघतात. या वेळी नजर एकूण मेमरीच्या रकान्यावर गेली. तो आकडा स्थिर असायला हवा. तो उतरत होता. सातच्या आत आला, मग सहाच्या आत, आणि टेस्ट संपायच्या आधीच जावा गेलं.

हे काम बलूनचं, म्हणजे मशीनमधली मेमरी सर्व्हरकडे परत ओढणाऱ्या सोयीचं. एकाच सर्व्हरवर जास्त मशीन बसाव्यात म्हणून किमान मेमरी कमी आणि कमाल जास्त अशी सोय असते. सर्व्हरची स्वतःची मेमरी ८० टक्क्यांच्या आसपास भरली की प्रॉक्समॉक्स अशा मशीनमधला बलून फुगवतं आणि आतली मेमरी परत मागून घेतं. गरजेपुरतंच प्रत्येकाला, हा हिशेब फाइल सर्व्हरसारख्या कामाला उत्तम आहे. लोड टेस्टच्या वेळी मात्र जेमीटरची मशीन, पोर्टलची मशीन आणि डेटाबेसची मशीन तिघी एकदम मेमरी मागतात, म्हणजे ज्या घटकेला मेमरी सर्वात जास्त हवी, नेमकी त्याच घटकेला ती काढून घेतली जाते. किमान आणि कमाल दोन्ही आकडे ८ जीबी केले. त्यानंतर १३७ दिसलेला नाही.

सोबत जावाला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. हीपची सुरुवातीची आणि कमाल किंमत एकच ठेवली, आणि 'ऑलवेज प्री टच' चालू केलं. त्यामुळे जावा सुरू होतानाच हीपचं पान न् पान ताब्यात घेतं. मेमरी नसेलच तर ते पहिल्या मिनिटाला कळतं, भर गर्दीत नाही. ज्याने रात्री जागून टेस्ट लावल्या आहेत त्याला याची किंमत कळेल.

आता मला ज्याची सर्वात जास्त काळजी वाटते ते. मेमरी संपून जेमीटर मेलं तर निदान कळतं तरी. मेमरी कमी पडूनही ते जगलं तर निकाल खोटे येतात. हीप काठोकाठ भरली की जावाचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेला डेटा काढून जागा मोकळी करणारा भाग, वारंवार सगळे थ्रेड थांबवतो. हीपचा काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीऐवजी डिस्कवर गेला असेल तर हे थांबणं आणखी लांबतं. पोर्टलकडून उत्तर वेळेत आलेलं असतं, पण ते उचलायला जेमीटर जागेवर नसतं, आणि तो सगळा वेळ पोर्टलच्या नावावर चढतो. अहवालात दिसतं, लॉगिनला ९ सेकंद. मग डेव्हलपर क्वेरी तपासत बसतात, इंडेक्स बदलतात, आणि ज्यात बिघाड नाही ते दुरुस्त करतात. दूध संस्थेला हा अहवाल दाखवला तर ती विनाकारण नव्या सर्व्हरवर सभासदांचे पैसे घालते. हे मला अजिबात पटत नाही. म्हणून लोड टाकणाऱ्या मशीनवर मी स्वॅप बंदच ठेवतो. हळू चालण्यापेक्षा ती पडलेली बरी. आणि प्रत्येक टेस्टसोबत त्या मशीनचा जेस्टॅटचा निकाल (हीप आणि गार्बेज कलेक्टरचे आकडे) आणि टॉप या कमांडमधला 'एसटी'चा आकडाही जपून ठेवतो. एसटी म्हणजे मशीनला सीपीयू हवा होता पण सर्व्हरने तो दुसऱ्या मशीनला दिला, तो वेळ. हा आकडा चढलेला असेल तर मेमरी ठीक असूनही तो निकाल मी धरत नाही.

याच कारणाने पुढे एक जेमीटर मशीन वेगळ्या सर्व्हरवर हलवली. ज्याचं वजन करायचं त्याच्याच खांद्यावर तराजू ठेवून चालत नाही.

दुसरी साधनं बघितली का? के६ बघितलं. ते गो भाषेतलं, प्रत्येक वापरकर्त्यामागे अख्खा थ्रेड अडकवत नाही, त्यामुळे मेमरीच्या बाबतीत हलकं. स्क्रिप्ट मात्र जावास्क्रिप्टमध्ये लिहावी लागते. आमच्याकडे टेस्टिंगला बसणाऱ्या मुली हिशेबाच्या बाजूने आलेल्या आहेत, दूध बिलातली खाचखोच त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळते. जेमीटरच्या खिडकीत त्या स्वतः पायऱ्या जोडतात, ब्राउझरमधून रेकॉर्ड करतात. हे मला मेमरीच्या बचतीपेक्षा मोलाचं वाटतं, म्हणून जेमीटरच ठेवलं.

फरकाच्या आधीच्या आठवड्यात शेवटची मोठी टेस्ट घेतली तेव्हा हीप शेवटपर्यंत निम्म्याच्या आसपास राहिली, 'फ्री'मधला एकूण आकडा हलला नाही, आणि लॉगिनचा वेळ जो आला तो पोर्टलच्या स्वतःच्या लॉगशी जुळला. आता अडचण पोर्टची, म्हणजे प्रत्येक कनेक्शनला लागणाऱ्या क्रमांकाची येते: लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट देतं आणि बंद झालेलं कनेक्शन मिनिटभर पोर्ट अडवून ठेवतं. कीप अलाइव्ह चालू ठेवून, म्हणजे तेच कनेक्शन पुन्हा वापरून, सध्या काम भागतंय. वापरकर्ते आणखी वाढवायचे झाले तर ८ जीबीचीच तिसरी मशीन जोडणार आहे, आहे त्या मशीनची मेमरी वाढवणार नाही.