पीसीएल-५ आणि कॅप्स-५: ट्रॉमा थेरपीवर संशोधन करणाऱ्यांनी आधी शिकून घ्यावीत अशी दोन साधनं

ट्रॉमा थेरपीवर प्रबंध करायला घेतला की पहिला प्रश्न उभा राहतो: फरक पडला हे मोजायचं कशानं? जिवावर बेतणाऱ्या आघातानंतर जडू शकणारा मानसिक विकार म्हणजे पीटीएसडी. त्याची लक्षणं मोजणारी पीसीएल-५ ही प्रश्नावली आणि कॅप्स-५ ही मुलाखत, अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर पीटीएसडीची ही जोडी त्यासाठी सगळ्यात भरवशाची आहे. पीसीएल-५ त्यांच्या संकेतस्थळावरून थेट उतरवून घेता येते, पैसे लागत नाहीत. कॅप्स-५ साठी मागणी नोंदवावी लागते, पण तीही मोफतच. सोबत ऑनलाइन प्रशिक्षण आहे, त्यात आभासी रुग्णाची मुलाखत घेऊन सराव करता येतो. तो केल्याशिवाय खऱ्या रुग्णासमोर बसूच नये.

पीसीएल-५ रुग्णानं स्वतः भरायची. २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८०. वेळ ५ ते १० मिनिटं. पहिले पाच प्रश्न नको असताना परत येणाऱ्या आठवणींचे, पुढचे दोन टाळण्याचे, ८ ते १४ विचार आणि मनःस्थितीचे, उरलेले झोप, चिडचिड, दचकणं यांचे. ३१ ते ३३ हा आकडा पुढच्या तपासणीची गरज दाखवतो, निदान करत नाही. '३३ च्या वर म्हणजे पीटीएसडी' असं लिहिलेला प्रबंध तिथेच कच्चा पडतो.

खरी चूक मात्र त्याआधीच होते. प्रश्न कोणत्या घटनेबद्दल आहेत हेच ठरवलेलं नसतं. मग माणूस आठवणींचे प्रश्न अपघात मनात धरून भरतो आणि झोपेचा प्रश्न सासरचा छळ मनात धरून. म्हणून आयुष्यात घडलेल्या आघाताच्या घटना विचारणारी १७ नोंदींची एलईसी-५ ही यादी जोडलेला फॉर्मच घ्यावा, सगळ्यात त्रासदायक घटना एकत्र बसून ठरवावी आणि ती दोन शब्दांत वर लिहावी. सविस्तर वर्णन करायला लावू नये. नोकरी जाणं, घटस्फोट, घरातल्या माणसाचा दीर्घ आजारानं झालेला मृत्यू, ही दुःखं कितीही मोठी असली तरी डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेतल्या पीटीएसडीच्या पहिल्या निकषात, म्हणजे आघात कशाला म्हणायचं या अटीत, बसत नाहीत.

दुसरी गफलत कालावधीची. फॉर्म महिन्याचा आहे तसा आठवड्याचाही आहे. आघाताबद्दलचे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीच्या साधारण १२ सत्रांत गुण दर आठवड्याला बघायचे असतील आणि हातात महिन्याचा फॉर्म असेल, तर मागचे तीन आठवडे पुन्हापुन्हा मोजले जातात आणि सुधारणा उशिरा दिसते.

मराठीत वापरताना शब्दाला शब्द ठेवून चालत नाही. १७ वा प्रश्न सतत सावध असण्याचा. आपल्याकडे 'सावध' हा गुण आहे. 'सतत सावध असता का' विचारलं तर अभिमानानं ४ वर खूण होईल. 'आता काहीतरी होईल म्हणून सारखं आजूबाजूला लक्ष ठेवावं लागतं' असं विचारलं तर अर्थ पोहोचतो. १३ व्या प्रश्नातलं 'माणसांपासून दूर' हे माहेरापासून लांब असलेल्या बाईला अंतराबद्दल वाटू शकतं. 'माणसांत असूनही तुटल्यासारखं' हे जवळचं. 'दचकणं' मात्र आपल्याकडे नेमकं आहे, १८ व्यासाठी दुसरा शब्द शोधू नका. अनुवाद, दुसऱ्या व्यक्तीकडून त्याचा पुन्हा मूळ भाषेत उलट अनुवाद, मग काही जणांसोबत बसून 'या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं' असं विचारणं, यातली शेवटची पायरीच सगळ्यात जास्त गाळली जाते. अशा चुका पकडते ती मात्र तीच.

कॅप्स-५ ही ३० प्रश्नांची मुलाखत, ४५ ते ६० मिनिटांची. तिचं बळ असं की गुण वारंवारता आणि तीव्रता दोन्ही पाहून ठरतात. लक्षण धरायला २ गुण लागतात: महिन्यातून निदान दोनदा, आणि तीव्रता स्पष्ट दिसणारी. लक्ष न लागणं, चिडचिड अशा लक्षणांचा त्या घटनेशी संबंध आहे का, हेही वेगळं नोंदवायचं असतं. घाईत हे सुटतं, आणि जुनं नैराश्य पीटीएसडीच्या खात्यात जमा होतं. संमती घेऊन ध्वनिमुद्रण करा. काही मुलाखतींना दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीनं स्वतंत्रपणे गुण द्यावेत.

दोन उणिवा आधीच लक्षात घ्याव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातला कॉम्प्लेक्स पीटीएसडी (पीटीएसडीसोबत भावना, स्वतःबद्दलची भावना आणि नाती यांतही अडचणी असलेला प्रकार) यात मोजला जात नाही, त्यासाठी आयटीक्यू ही वेगळी प्रश्नावली आहे. आणि पीसीएल-५ मध्ये आत्महत्येच्या विचारांचा थेट प्रश्नच नाही. १६ वा प्रश्न धोका पत्करण्याचा आहे, तो त्याची जागा घेत नाही. त्यामुळे ही प्रश्नावली नुसती गूगल फॉर्मची लिंक करून पाठवणं आम्हाला मान्य नाही. आठवणी ढवळल्या जातात आणि समोर कुणीच नसतं. समोरासमोर भरून घ्या, आत्महत्येबद्दल वेगळं आणि स्पष्ट विचारा, शेवटची दहा मिनिटं माणूस शांत होण्यासाठी राखा, आणि जाताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कागदावर लिहून हातात द्या.